फीतवाले साहेबांची हमी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी शेजाऱ्यांच्या भिंतीवरून आलेल्या नळीखाली बादली धरून उभा होतो. "साहेब, तुम्ही सगळी हयात भूजलाच्या कामात घातलीत. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या रक्षणात अर्थपूर्ण कारकीर्द कशी घडवावी, यावर लिहा. तरुणांना प्रेरणा मिळाली पाहिजे," ते म्हणाले. फोन स्पीकरवर होता. आमच्या सौभाग्यवती ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"आधी बादली भरून घ्या," त्या म्हणाल्या, "मग प्रेरणा द्या. मास्तर मोटार बंद करायलेत."

तर आधी माझं काम काय होतं ते सांगतो. ते चार वाक्यांत सांगून होतं, हीच माझी खरी अडचण आहे. आमच्या खात्यानं जिल्हाभर काही विहिरी ठरवून ठेवल्यात, त्यांना निरीक्षण विहिरी म्हणतात. पावसाळा सरल्यावर, संक्रांतीच्या सुमाराला, उन्हाळ्याच्या तोंडाला आणि ऐन मे महिन्यात, असं वर्षातून चारदा त्या प्रत्येक विहिरीवर जायचं. कठड्यावर रंगानं केलेली खूण असते, तिथून फीत आत सोडायची आणि पाणी किती खोल गेलंय ते बघायचं. फितीच्या टोकाला खडू फासायचा, म्हणजे ओला भाग नीट दिसतो. आकडा लिहायचा, फीत गुंडाळायची आणि पुढच्या विहिरीचा रस्ता धरायचा. झालं माझं काम.

म्हणजे घरातली कणगी रिकामी होत चाललीय का, हे अधूनमधून हात घालून बघणारा एक माणूस असतो, तो मी. कणगी भरणं माझ्या हातात नव्हतं, आणि कुणी पोतंभर जवारी काढून नेली तर त्याचा हात धरणंही माझ्या हातात नव्हतं. मी फक्त सांगायचं, "बाबांनो, तळ दिसायला लागलाय." लोक म्हणायचे, "बरं झालं सांगितलं. चहा घ्या."

नोकरीच्या सुरुवातीचीच गोष्ट आहे. पालमकडच्या एका शेतात भर दुपारी मी कठड्यावर पोट टेकवून, अर्धा आत वाकून, टोक पाण्याला टेकलं का ते बघत होतो. रानात चिटपाखरू नव्हतं. एकदम मागून कुणीतरी माझ्या कमरेला मिठी मारली आणि मला ओढून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाडलं. बघतो तर एक वाळकी म्हातारी, धापा टाकत उभी.

"आरं मुडद्या, जीव द्यायला तुला मपलीच हीर सापडली व्हय? आमी पानी पितोत हिचं!"

मी धूळ झटकत म्हटलं, "आजी, मी जीव द्यायला नाही आलो. मी सरकारी माणूस आहे."

"मंग तर आनखीच!" ती म्हणाली.

तिनं मला निंबाखाली बसवलं, फडक्यातली भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला, आणि बायकोशी पटत नसलं तर गड्यानं कसं दमानं घ्यावं हे समजावून सांगितलं. माझं तेव्हा लग्न ठरायचं होतं. पण सल्ला अस्सल होता, पुढं फार उपयोगी पडला. आकडा घ्यायचा मात्र त्या दिवशी राहून गेला, कारण तिनं मला पुन्हा विहिरीजवळ फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या एका गावात उन्हाळ्यात विहीर हमखास कोरडी सापडायची. शेजारच्या गावात बऱ्यापैकी पाणी असायचं आणि इथं खडखडाट. मी डोकं खाजवून खाजवून बेजार झालो. शेवटी कळलं की फीतवाले साहेब येणार असं समजलं की गावकरी आदल्या दिवसापासून मोटार लावून विहीर उपसून काढतात. पाणी नाही दिसलं की टँकर लवकर मिळतो, असा त्यांचा समज. उपसलेलं पाणी जायचं शेजारच्या विहिरीत. ती विहीर तुडुंब, आणि मला दिलेला चहा तिच्याच पाण्याचा. मी सरपंचांना म्हटलं, "अहो, असं करू नका, वर खोटा आकडा जातो." सरपंच शांतपणे म्हणाले, "खोटा कसा सायेब? तुमी मोजलं तवा पानी न्हवतंच की." 

आता लोकांचा एक मोठा गैरसमज सांगतो. त्यांना वाटायचं, जो पाणी मोजतो त्याला पाणी कुठं आहे हेही कळतंच. त्यामुळं विहीर कुठंही असो, मोजून झालं की घरधनी मला हळूच बाजूला घ्यायचा आणि विचारायचा, "सायेब, एखादा पॉइंट दाखवा की." पॉइंट म्हणजे बोअर घ्यायची जागा. लोकांना वाटतं जमिनीखाली नद्या वाहतात आणि बरोबर जागी भोक पाडलं की कारंजं उडतं. आपला खडक तसा नाही. शिळ्या भाकरीवर कालवण ओतलं तर ते कुठं मुरतं आणि कुठं वरच राहतं, तशी त्याची तऱ्हा. जिथं भेग, जिथं पोकळपणा, तिथं पाणी. वरून थोडाफार अंदाज करता येतो, खात्री देता येत नाही. म्हणून मी नेहमी एकच उत्तर द्यायचो, "असू शकतं, नसूही शकतं." शास्त्राच्या दृष्टीनं हे उत्तर बिनचूक आहे. गावाच्या दृष्टीनं, ज्याला काहीच येत नाही तो असं बोलतो.

आणि त्यातच मी परभणीत घर बांधलं.

अंगण लहान, बोअरची गाडी फाटकापाशीच उभी राहू शकत होती, खालचा खडक मला पसंत नव्हता. हे सगळं मी बोअर घेतल्यानंतर सांगितलं, असं आमच्या घरात म्हणतात. प्रत्यक्षात मी गाडीवाल्यांसमोर छाती काढून उभा राहिलो होतो, उपकरण लावून जमीन तपासली होती, आणि शेजारचे जोशी मास्तर भिंतीवरून बघत असताना "इथं घ्या" म्हणून पायानं फुली मारली होती. पांढरी धूळ उडाली. मग राखाडी उडाली. मग पुन्हा पांढरी. गल्लीतले सगळे तोंडाला रुमाल लावून माझं शास्त्र बघत उभे होते. शेवटपर्यंत थेंब नाही. पुढच्या महिन्यात मास्तरांनी नारळवाला पाणाड्या आणला. त्यानं हातावर नारळ घेऊन अंगणात दोन चकरा मारल्या, नारळ उभा राहिला, आणि मास्तरांच्या बोअरला असं पाणी लागलं की गाडीवाले भिजले. तेव्हापासून उन्हाळ्यात आमचं पाणी भिंतीवरून येतं. सौभाग्यवतींनी तेव्हाच सांगून ठेवलं, "जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् परभणीत आमचे हे!"

मास्तरांची मेहुणी जिंतूरला दिलेली. त्यामुळं पुढच्या फेरीला मी निघालो तर बातमी माझ्या आधीच एसटीनं सगळीकडं पोचलेली. लोक चहा द्यायचे, पण मिशीत हसायचे. हळूहळू एक रिवाजच पडून गेला. मी एखाद्या जागेला "इथं काही खरं नाही" म्हटलं की लोक तिथं आनंदानं बोअर घ्यायचे, आणि चुकून "बरं वाटतंय" म्हटलं की गाडी लगेच दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचे. दोनचारदा त्यांना पाणीही लागलं. माझ्या विरोधात जाऊन पाणी लागतं, ही गोष्ट त्यानं पक्कीच झाली.

एवढं सगळं सांगितलं ते आबांची गोष्ट कळावी म्हणून. आबा म्हणजे विश्वनाथ आबा. जिंतूरकडं डोंगर सुरू होतो, तिथल्या एका गावाचे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं मला अजून जेवायला बोलावतात. आबांच्या शेतातली विहीर ही माझी निरीक्षण विहीर होती. वीस वर्षं मी तिच्यात डोकावत आलो. माझ्या आयुष्यात इतकी वर्षं मी कुणाच्या मनात डोकावलेलो नाही, असं आमच्या घरी म्हणतात. आबा उंच, कमी बोलणारे, आणि हसले तर फक्त डोळ्यांनी हसणारे. बोअर फसल्याची बातमी कळली तेव्हा सगळं गाव मला टोमणे मारत होतं. आबा एवढंच म्हणाले, "हुतंय सायेब. आमचं बी बी-बियानं फसतं की."

विहिरीच्या वरच्या अंगाला आबांची मोसंबीची बाग होती. जिरायती गावातली ती एकच बाग. आबांनी आणि त्यांच्या मालकिणीनं ती डोक्यावर घागरी वाहून जगवलेली. पुढं मालकीण गेल्या. त्यानंतर आबा बागेतच जास्त असायचे. फळ तोडून हातात द्यायचे आणि म्हणायचे, "खा, हे झाड तिनं लावलेलं." कुठलं झाड कुणी लावलं हे त्यांना ठाऊक होतं. मला तर सगळी सारखीच दिसायची.

विहिरीच्या खालच्या अंगाला उतार, मग ओढा, आणि ओढ्याकाठी भीमनगर. त्या वस्तीची पिण्याच्या पाण्याची एक आडासारखी विहीर होती. नळाची पाईपलाईन वस्तीपर्यंत आली होती, पाणी अजून यायचं होतं. सुमनबाई त्याच वस्तीतली. मजुरी करणारी, तोंडानं फटकळ, आणि आबांच्या बागेत मोसंबीची तोडणी करायला दर हंगामात तीच बायांची टोळी घेऊन यायची. एकदा मी फीत गुंडाळत होतो तर डोक्यावरचा भारा सावरत ती थांबली.

"सायेब, ह्या हिरीत फीत सोडता, आमच्या हिरीत कामून सोडत न्हाई? आबाची मोटार दिसभर चालली की दुसऱ्या दिशी आमची बादली तळाला खरडायला लागती. ते लिवा की कुठंतरी."

मी खाली जाऊन बघितलं. बाईचं म्हणणं खरं होतं. आबांच्या शेतातून एक भेग उतारानं थेट ओढ्याकडं जात असणार. दोन्ही विहिरी एकाच ताटात जेवत होत्या. पण आबांची विहीर उथळ, ती लवकर दमायची, मोटार हवा ओढायला लागायची. त्यामुळं वस्तीच्या वाट्याला काहीतरी उरायचं. असं ते दोघांचं भागत होतं.

मग लागोपाठ दोन पावसाळे रुसले. मार्चच्या फेरीला गेलो तर मोसंबीची पानं गुंडाळायला लागलेली. आबांनी चहा दिला, मी प्यालो, आणि त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "सायेब, एक पॉइंट दाखवा. गावाला तुमच्यावर भरोसा नसंल. मला हाय."

हे ऐकून मला आनंद व्हावा की घाम फुटावा ते कळेना. कारण जागा मला माहीत होती. खालच्या धुऱ्यावरच्या निंबापाशी. कितीदा तरी तिथून जाताना मनात आलं होतं, की इथं भोक पाडलं तर पाणी फुटेल. आणि ते पाणी खालच्या वस्तीच्या विहिरीचं असेल. खोल बोअर म्हणजे ताटातलं सगळंच एका घासात.

जागेचं मी बोललो नाही, खोल बोअर घेतली तर वस्तीची विहीर आटेल एवढंच सांगितलं. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीजवळ ठरावीक अंतरात बोअर घेता येत नाही, असा कायदा आहे, हेही सांगितलं. शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या हसला. "काका, कायदा परभणीत ऱ्हातोय. बोअरची गाडी दारात येती." तेही खरंच होतं. तक्रार देता आली असती. पण कागद फिरून येईपर्यंत गाडी आपलं काम करून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते.

आबांनी माझी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "मी काय कुणाच्या पान्यावर उठलो न्हाई सायेब. पर माझी झाडं माझ्या डोळ्यादेखत मरायलीत. तुमी हाताची घडी घालून बघा म्हनलात तर कसं बघू?" मी तसाच उठून आलो. एसटीत खिडकीपाशी बसलो आणि अख्खा रस्ता स्वतःवर चिडलो, की माणसानं विहिरी मोजण्यापेक्षा किराणा दुकान टाकलेलं बरं.

मे महिन्याच्या फेरीला गेलो तर शेतात जत्रा भरलेली. रस्त्यावर बोअरची मोठी गाडी, तिची ती दक्षिणेकडची पोरं सावलीत भात खात बसलेली, आणि शेतात नारळवाला पाणाड्या. डोळ्यावर काळा चष्मा, हातावर आडवा नारळ, मागं गाव. पाणाड्या वरून फिरत फिरत खाली आला, निंबापाशी आला आणि नारळ ताडकन उभा राहिला. लोकांनी "हो!" केलं.  नारळाला काय कळतं ते मला माहीत नाही. पण पाणाड्याला डोळे होते, आणि एवढ्या उन्हाळ्यात अख्ख्या शेतात तो एकच निंब हिरवागार होता. जागा बरोबर होती. अगदी माझीच जागा.

पुतण्यानं गाडीवाल्यांना हात केला. तेवढ्यात आबांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "थांब," ते पुतण्याला म्हणाले. "सायेब आलेत. त्यांना इचारू." लोक फिदीफिदी हसले. पाणाड्यानं चष्मा वर करून मला न्याहाळलं. आबा म्हणाले, "बोला सायेब. तुमचं काय म्हननं हाय?"

मी माझ्या आयुष्यात इतका भरभर विचार कधी केला नव्हता. "इथं पाणी नाही" म्हटलं तर खोटं होतं, आणि वर गावाच्या रिवाजाप्रमाणं गाडी दुप्पट वेगानं आली असती. "असू शकतं, नसूही शकतं" म्हटलं तर कुणी ऐकलंच नसतं. राहता राहिलं खरं बोलणं. मी दोन पावलं पुढं झालो, निंबाखालच्या जमिनीवर पाय आपटला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालो, "आबा, एक नंबर जागा आहे! इथं पाणी लागणारच. मी हमी देतो. माझ्या घरी जागा काढली तेव्हा मला जेवढी खात्री होती, तेवढीच आज आहे!"

 मागून कुणीतरी म्हणालं, "मेलं! संपला पॉइंट!" आणि अख्खं शेत खो खो हसायला लागलं. पाणाड्याचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा नारळ हातावर घेतला, पण लोकांच्या हसण्यानं म्हणा, की आणखी कशानं, नारळ काही उठेना. "सायबांनी नाट लावला," तो कुरकुरला. पुतण्या म्हणाला, "काका, जागा बदलू." पाणाड्या म्हणाला आज आता दुसरी जागा निघणार नाही, नारळ दमला. गाडीवाल्यांना पुढच्या गावाची घाई झालेली.

आबा माझ्याकडं बघत होते. लोक हसत होते तरी ते हसले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "गाडी माघारी लावा." पुतण्यानं वाद घातला, हातवारे केले. आबांनी पुन्हा तेच सांगितलं आणि विहिरीकडं चालू लागले.

परतीच्या एसटीत मी किती फुशारलो होतो, काय सांगू! खोटं बोललो नाही, कायद्याचा कागद हलवला नाही, आणि एका वस्तीचं पाणी वाचवलं. माझी बदनामी हेच माझं हत्यार! घरी येऊन सगळा किस्सा रंगवून सांगितला आणि म्हटलं, "याला म्हणतात डोकं!" सौभाग्यवतींनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही खरं बोललात अन् कुणी विश्वास ठेवला नाही," त्या म्हणाल्या. "यात नवीन काय झालं? वाढू का?"

तो उन्हाळा वस्तीनं काढला. सुमनबाईच्या बादलीला चिखल लागला पण बादली रिकामी आली नाही. आबांनी झाडांच्या बुडाशी पाचट टाकलं, काही दिवस बैलगाडीतून टाकी आणली, मग तेही परवडेना. आधी बोराएवढी फळं गळाली, मग पानं. पोळा झाल्यावर त्यांनी झाडं तोडायला माणसं लावली, असं मला एसटी स्टँडवर भेटलेल्या एका गाववाल्यानं सांगितलं. त्या दिवशी माझी सगळी फुशारकी जिरली.  रात्रीचं जेवणही गेलं नाही.

ऑक्टोबरची फेरी आली. मी त्या गावाचा नंबर शेवटी लावला, मग त्याच्याही मागं ढकलला, आणि मग लाज वाटून गेलो. यंदा पाऊस मनासारखा झाला होता. असा राग आला मला त्या पावसाचा! वरच्या अंगाला नुसतं मोकळं रान, हरभऱ्यासाठी तयार केलेलं. धुऱ्याला मोसंबीची लाकडं रचून ठेवलेली. आबा विहिरीच्या कठड्यापाशी बसले होते. मी रामराम केला. त्यांनीही केला. मी फितीला खडू फासायला लागलो, तर खडू दोनदा हातातून पडला.

"सायेब," आबा म्हणाले, "तिथं पानी व्हतं ना?"

माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "होतं," मी म्हटलं.

"लय?"

"लय होतं आबा. तुमची बाग जगली असती."

आबांनी मान हलवली. "मला तवाच कळलं व्हतं."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिलो. "तुम्हाला कळलं होतं? मग... सगळे हसले, गाडी परत गेली, मला वाटलं माझ्या बोलण्यानं..."

"वीस वर्सं झाली तुमी ह्या कठड्यावर बसायलात," आबा म्हणाले. "एकदा तरी हमी हा शब्द तोंडातून काढला व्हता का? कायम आपलं 'असू शकतं, नसू शकतं.' पाऊस येईल का इचारलं तरी तेच. त्या दिशी तुमी पाय आपटून हमी द्याला लागलात, तवाच म्हनलं, मानूस खरं बोलायलाय. अन् खरं बोलून कायतरी झाकायला बघायलाय." ते डोळ्यांनी किंचित हसले. "लोकं फसली सायेब. मी न्हाई फसलो."

माझं सगळं डोकं, माझं हत्यार, एसटीतली ती फुशारकी! मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मग गाडी माघारी का लावली आबा?"

आबा ओढ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या मागं सुमन उभी व्हती, कडंवर घागर घेऊन. समदे हसायलते. ती हसत न्हवती. तुमची तिच्याकडं पाठ व्हती, तुमाला दिसलं न्हाई. मला तिचं तोंड दिसायलतं." मग लाकडांकडं मान करून म्हणाले, "आता तोडणीचं काम बी गेलं तिचं. पर परवा आली, अन् लाकडं रचू लागली. काय बोलली न्हाई. मी बी काय बोललो न्हाई."

मला काहीतरी म्हणायचं होतं. तुमचे उपकार, किंवा मला माफ करा, असलं काहीतरी. सरकारी माणसाला असली वाक्यं येत नाहीत. डोळे मात्र भरून आले, आणि ते लपवायला मी कठड्यावरून आत वाकलो.

"सोडा फीत," आबा म्हणाले. "बगा तरी यंदा किती आलंय."

फीत सोडली आणि लगेच पाण्याला टेकली. मी पुन्हा ओढून पुन्हा सोडली. इतकं वर पाणी मी त्या विहिरीत कधी बघितलं नव्हतं. पाऊस चांगला झाला होता, आणि ओढणारं कुणी राहिलं नव्हतं. मी आकडा सांगितला.

"ब्येस हाय," आबा म्हणाले.

मोजणीच्या दिवशी मोटार चालली तर आकडा चुकतो, म्हणून मी येणार असलो की आबा सकाळपासून मोटार बंद ठेवायचे आणि माझी फीत वर आली की उठून चालू करायला जायचे. त्याही दिवशी मी फीत गुंडाळली आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतर सावरलं आणि मोटारीच्या खोपटाकडं चालू लागले. अर्ध्या वाटेवर गेले, वरच्या मोकळ्या रानाकडं बघितलं आणि तिथंच थांबले.